शिक्का कुठवर पुरतो?

27 मे 2022, शुक्रवार. आधार प्राधिकरणाच्या बंगळुरूतील विभागीय कार्यालयाने एक प्रसिद्धीपत्रक काढले. आधारकार्डाची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, तिचा गैरवापर होऊ शकतो. द्यायचीच वेळ आली तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारे ‘मास्क्ड आधार’ द्या, असे त्यात होते. दोन दिवसांनी, रविवारी, केंद्र सरकारने ते पत्रक मागे घेतले. त्याचा चुकीचा अर्थ काढला जाण्याची शक्यता आहे, हे कारण दिले. नवा सल्ला असा होता: आधार क्रमांक वापरताना आणि देताना नेहमीचे तारतम्य बाळगा.

त्या दोन दिवसांत आधारच्या यंत्रणेत तसूभरही फरक पडला नव्हता. सर्व्हर तेच, यंत्रे तीच, आपल्या कपाटातली झेरॉक्सही तीच. शुक्रवारी ती धोक्याची ठरली आणि रविवारी पुन्हा नेहमीची झाली. सरकारी डिजिटल सेवा किती पक्की आहे हे आपल्याला बाहेरून दिसत नाही. तिच्या तपासणीबद्दल कुणी कोणत्या सुरात काय सांगितले, तेवढेच कानावर पडते आणि आपली भीती किंवा आपला भरवसा त्यावरच ठरतो.

‘नेहमीचे तारतम्य’ हा सल्ला वाईट नाही, अपुरा आहे. तारतम्य कुठे खर्च करायचे ते त्यात सांगितलेले नाही. माझे म्हणणे सरळ आहे. सरकारी तपासणी जिथपर्यंत पोचते तिथवर तुम्ही डोके शिणवू नका. तिथे तुमच्या हातात तसेही काही नसते. ती जिथे थांबते तिथून पुढचे मात्र सगळे तुमच्याकडे आहे. ही हद्द ओळखता आली की निम्मी भीती कमी होते, आणि उरलेली भीती योग्य जागी लागते.

कोण काय तपासते

केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाखाली एसटीक्यूसी नावाचे संचालनालय आहे. सरकारी संकेतस्थळ ठरवून दिलेल्या तत्त्वांप्रमाणे आहे का, मजकूर नीट वाचता येतो का, अंध व्यक्तीला तो स्क्रीन रीडरवर ऐकता येतो का, दुवे चालू आहेत का, हे तपासून ते प्रमाणपत्र देते. ही तत्त्वे पहिल्यांदा 2009 साली आली. तिसरी आवृत्ती 2023 ची. आधारसाठी बोटांचे ठसे घेणारी यंत्रेही याच संचालनालयाकडून प्रमाणित होतात.

दुसरी संस्था सर्ट-इन, 2004 पासून देशातल्या सायबर घटनांवर लक्ष ठेवणारी. तिच्या यादीवरील लेखापरीक्षकाकडून सुरक्षा तपासणी करून घेतल्याशिवाय सरकारी संकेतस्थळ सरकारी सर्व्हरवर चढवायचे नाही, अशी पद्धत आहे. लेखापरीक्षक त्रुटी काढतो, कंत्राटदार त्या दुरुस्त करतो, पुन्हा तपासणी होते आणि मग ‘होस्ट करण्यास सुरक्षित’ असे प्रमाणपत्र मिळते. एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इनने आणखी एक बंधन घातले: सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत आम्हाला कळवा, आणि यंत्रणेतल्या नोंदी 180 दिवस जपून ठेवा. कळवायचे ते सर्ट-इनला. तुम्हाआम्हाला कळवण्याबद्दल त्यात काही नाही. तो मुद्दा पुढे येईलच.

हे प्रमाणपत्र गाडीच्या पीयूसीसारखे समजा. त्या दिवशी त्या गाडीचा धूर मर्यादेत होता, इतकेच ते सांगते. ब्रेकबद्दल काही सांगत नाही आणि चालवणाऱ्याबद्दल तर नाहीच. तपासणीनंतर आठवड्याभरात संकेतस्थळावर नवा अर्ज चढवला, तर नियमाप्रमाणे त्या बदलाचीही तपासणी व्हायला हवी. पण योजनेची शेवटची तारीख तोंडावर आलेली असते, ‘सर्व्हर डाऊन’च्या तक्रारी वर्तमानपत्रात छापून येत असतात, वरून फोन येत असतात. अशा गडबडीत कोणते काम मागे पडते, हे सरकारी काम जवळून पाहिलेल्याला सांगायला नको.

शिवाय तपासणी काही ठरावीक प्रश्नांचीच उत्तरे शोधते. बाहेरचा कुणी आत घुसू शकतो का? एका अर्जदाराच्या खात्यातून दुसऱ्याची कागदपत्रे उघडतात का? पासवर्ड उघडे साठवले आहेत का? हे ती पाहते. सेवा केंद्रातला मुलगा तुमच्या कागदपत्रांचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर ठेवून देतो का, हा तिच्या प्रश्नपत्रिकेतला प्रश्नच नसतो.

अंगठ्याचे यंत्र

हद्द कशी चुकते ते अंगठ्याच्या यंत्रावरून छान समजते, म्हणून तिथे जरा थांबू.

गावातल्या बँक मित्राचे दुकान डोळ्यांपुढे आणा. टेबलावर लॅपटॉप, शेजारी काड्यापेटीहून थोडे मोठे यंत्र, त्याच्या काचेखाली लाल उजेड. समोरच्या बाईंना निराधार योजनेचे पैसे काढायचे आहेत. “मावशी, अंगठा नीट टेकवा. नाही आला. पदराला पुसा, परत ठेवा.” शेतात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ठेवावा लागतो. मग कधी पैसे मिळतात, कधी ऐकायला येते, “आज लिंक नाही, उद्या या.” मावशी निघून जातात.

आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा, एवढ्यावर हा व्यवहार होतो. ओटीपी लागत नाही. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांना गावातच पैसे मिळावेत म्हणून ही सोय केली, आणि सोय म्हणून ती खरोखर मोठी आहे. यंत्र प्रमाणित आहे. बँक नियमनाखाली आहे. आधारचा सर्व्हर तपासलेला आहे. पण अंगठा किती वेळा घेतला, त्यातला कोणता खरोखर ‘आला नाही’ आणि कोणता आला होता, हे मावशींना कळायला एकच मार्ग आहे: पावती. “लिंक नाही” म्हटले तरी व्यवहार फसल्याची पावती मागायची, आणि दोन दिवसांत पासबुक भरून घ्यायचे. घरातल्या वडीलधाऱ्यांना शिकवण्यासारखी पहिली गोष्ट हीच. तुम्ही शहरात असाल तर फोनवर रोज पढवा.

दुसरा धडा याहून गुंतागुंतीचा आहे. 2018 साली तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उचलले, त्यांचे रबरी छाप बनवले आणि त्यावर हजारो सिमकार्डे चालू करून घेतली. पुढे हरियाणातही दस्तांवरून उचललेल्या ठशांनी बँक खात्यांतून पैसे काढल्याची प्रकरणे पोलिसांनी उघड केली. आता यात कुणाची तपासणी नापास झाली? आधारचा सर्व्हर फुटला नव्हता. ठसा वाचणारे यंत्र ठसाच वाचत होते. नोंदणी खात्याने दस्त ऑनलाइन ठेवले ते पारदर्शकतेसाठी, आणि ते संकेतस्थळ ठरल्याप्रमाणे चालत होते. प्रत्येक खाते आपापल्या कुंपणाच्या आत उत्तीर्ण होते. भगदाड दोन कुंपणांच्या मधल्या वाटेवर होते आणि ती वाट कुणाच्याच तपासणीत नव्हती.

नंतर दुरुस्त्या झाल्या, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. फेब्रुवारी 2023 मध्ये प्राधिकरणाने ठशातल्या रेषांबरोबर बोटाचे चित्रही पाहून बोट जिवंत आहे की रबराचे, हे ताडणारी पद्धत आणली. ठसा यंत्राच्या आतच कुलूपबंद करणारी नवी, ‘एल-1’ म्हणून ओळखली जाणारी यंत्रे आली आणि जुनी बाद होत गेली. जून 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने असे व्यवहार करणाऱ्या केंद्रचालकांची नीट पडताळणी करण्याचे निर्देश बँकांना दिले. ते 1 जानेवारी 2026 पासून लागू झाले. म्हणजे रबरी अंगठ्याचा धोका खरोखर घटला आहे. दुकानदाराचा विश्वासघात मात्र कुठल्याही यंत्राने पकडता येत नाही.

आता तुम्ही करायचे ते. आधारच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर ‘बायोमेट्रिक लॉक’ करता येते. ते केले की तुमचा अंगठा, डोळे, चेहरा, काहीच कुठे चालत नाही. गरज पडली की तात्पुरते उघडायचे. ज्यांना रोजच्या व्यवहारात अंगठा लागत नाही अशा प्रत्येकाने हे आजच करावे, असे मी बेधडक सांगेन. पण हाच सल्ला सरसकट देऊ नये. रेशन दुकानात अंगठा लागतो. आईवडिलांचे लॉक करून तुम्ही पुण्याला परत गेलात, तर महिन्याचे धान्य अडायचे. त्यांच्यासाठी वेगळा उपाय: अनुदानाचे खाते आणि साठवणुकीचे खाते वेगळे ठेवा. अनुदानाच्या खात्यात थोडीच शिल्लक राहू द्या. दुसऱ्या खात्यावर अंगठ्याने पैसे निघणे बंद करता येईल का, हे शाखेत लेखी अर्ज देऊन विचारा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. आधार क्रमांक कुठे कुठे वापरला गेला याची गेल्या सहा महिन्यांची यादी आधारच्या संकेतस्थळावर मोफत दिसते. महिन्यातून एकदा ती उघडून पाहिली, तर बाकीच्या पुष्कळ चिंता करायची गरज उरत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोव्हिक यांनी 1987 मध्ये लोकांच्या धोक्याच्या जाणिवेवर एक लेख लिहिला, त्याचा दाखला अजूनही दिला जातो. न दिसणाऱ्या, अनोळखी, आपल्या ताब्यात नसलेल्या धोक्याला माणसे जास्त भितात. ओळखीचा धोका त्यांना लहान वाटतो. आपल्याकडे नेमके तेच घडते. दिल्लीतला सर्व्हर कुणी परदेशातून फोडेल, ही धास्ती असते. आणि रोजच्या ओळखीच्या दुकानदाराला आपण ओटीपी मोठ्याने वाचून दाखवतो.

कुलपाची खूण, नावाचा शेवट

संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारी छोटे कुलूप दिसले की साइट खरी, असे वर्षानुवर्षे शिकवले गेले. बँकांनी शिकवले, शाळेतल्या सायबर जागृतीच्या कार्यक्रमांनीही शिकवले. प्रत्यक्षात त्या कुलपाचा अर्थ एवढाच: तुमच्या आणि त्या साइटच्या मधली वाट गुप्त आहे. वाटेच्या टोकाला चोर बसला असेल तर तुमची माहिती त्याच्यापर्यंत अगदी सुरक्षित पोचते. चोरालाही हे प्रमाणपत्र फुकट मिळते. लोक या खुणेचा भलताच अर्थ घेतात म्हणून गूगलने 2023 मध्ये क्रोममधून ती काढून टाकली. तपासणीच्या खुणेमुळे लोक जास्त बेसावध होऊ शकतात, याचा इतका उघड कबुलीजबाब क्वचितच मिळतो.

महाराष्ट्रात गेल्या काही काळात याची उदाहरणे भरपूर झाली. 2025 मध्ये वाहनांच्या उच्च सुरक्षा नंबरप्लेटसाठी खोट्या साइटी निघाल्या. त्याच वर्षी लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीची मुदत जाहीर झाली आणि बनावट साइटी दिसू लागल्या. अशा साइटींवरही कुलूप असू शकते.

यावर एक साधी सवय लावून घ्या: पत्ता शेवटून वाचा. राज्य आणि केंद्र सरकारच्या संकेतस्थळांचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ असा असतो. सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’पुढच्या दोन रेघा सोडल्या, तर तो पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी आला पाहिजे. ‘जीओव्ही डॉट इन’ मध्येच कुठेतरी असेल आणि त्यापुढे आणखी ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ऑनलाइन’ असेल, तर ती साइट सरकारी नाही. हा शेवट कुणालाही विकत मिळत नाही, सरकारी खात्यालाच मिळतो. म्हणून या खुणेवर भरवसा ठेवायला हरकत नाही. रिझर्व्ह बँकेनेही बँकांना ‘बँक डॉट इन’ हा राखीव शेवट घ्यायला लावला, त्याची मुदत 31 ऑक्टोबर 2025 होती. नंबरप्लेटसारखे काम सरकारने खासगी कंपनीला दिलेले असते, तेव्हा कंपनीची साइट वेगळ्या शेवटाची असू शकते. अशा वेळी आधी परिवहन विभागाचे संकेतस्थळ उघडा आणि तिथल्या दुव्यावरून पुढे जा. गूगलवर शोधून पहिल्या निकालावर बोट ठेवू नका. पहिला निकाल बऱ्याचदा पैसे भरून आलेली जाहिरात असते.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ‘एपीके’, म्हणजे मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणारी, फाइल उघडायची नाही. ‘आरटीओ चलान’ असो, ‘पीएम किसान’ असो, लग्नाची पत्रिका असो. यावर आणखी बोलण्यासारखे काही नाही.

चूक सापडली, हे कुणी सांगायचे?

एस्टोनिया हा तेरा-साडेतेरा लाख लोकवस्तीचा युरोपातला देश. तिथे ओळखपत्रातल्या चिपवर सही होते, औषधाची चिठ्ठी मिळते, मतदानसुद्धा करता येते. 2017 च्या उन्हाळ्यात चेक प्रजासत्ताकातल्या मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या चिपमधल्या गंभीर दोषाची माहिती एस्टोनियाला दिली. चिप आंतरराष्ट्रीय मानकांनुसार तपासलेली आणि प्रमाणित होती. साडेसात लाखांच्या आसपास कार्डे बाधित होती आणि महिन्याभरावर स्थानिक निवडणुका होत्या. 5 सप्टेंबर रोजी सरकारने, खुद्द पंतप्रधानांनी, जाहीरपणे सांगितले: दोष आहे, अजून कुणी त्याचा गैरवापर केल्याचे दिसत नाही, दुरुस्ती चालू आहे. निवडणूक ठरल्याप्रमाणे ऑनलाइनही झाली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, धोका वाढल्यावर, न बदललेल्या कार्डांची प्रमाणपत्रे थांबवली. लोकांनी घरबसल्या किंवा पोलिसांच्या कार्यालयात रांगा लावून ती नवी करून घेतली. गैरसोय झालीच. पण 2015 च्या संसदीय निवडणुकीत 30.5 टक्के मतदारांनी ऑनलाइन मत दिले होते, आणि या सगळ्या प्रकारानंतर 2019 च्या निवडणुकीत तो आकडा 43.8 टक्के झाला. वाढीची कारणे अनेक असतील. निदान, चूक कबूल केली की लोक पळून जातात हा समज तिथे खरा ठरला नाही.

आपल्याकडे 12 जून 2023 रोजी बातमी आली की टेलिग्रामवरच्या एका बॉटला मोबाइल क्रमांक दिला की लसीकरणासाठी कोविनवर नोंदवलेला तपशील मिळतो. त्याच दिवशी आरोग्य मंत्रालयाने या बातम्या निराधार आणि खोडसाळ असल्याचे म्हटले. कोविनच्या विदागारात थेट प्रवेश झालेला दिसत नाही, असा सर्ट-इनच्या प्राथमिक तपासाचा सूर होता. पुढे पोलिसांनी एका संशयिताला अटक केली. ‘थेट प्रवेश नाही’ हे तांत्रिकदृष्ट्या बरोबरही असेल. पण ज्याचा तपशील त्या बॉटने दाखवला त्याला या ‘थेट’ने काय फरक पडतो? अशा खुलाशांनी नागरिक दोन टोकांना जातात. काही जण सुटकेचा निःश्वास टाकतात आणि विसरतात. काही जण ठरवतात की सरकार प्रत्येक वेळी लपवतेच, आणि मग खऱ्या सूचनेकडेही कानाडोळा करतात. यातला दुसरा परिणाम अधिक महागात पडतो, असे मला वाटते.

म्हणून सरकारी खुलासा वाचताना तीन जागा पाहा. ‘आमच्या यंत्रणेतून’ गेले नाही म्हटले असेल, तर मग कुठून गेले, याचे उत्तर त्यात आहे का? कोणत्या लोकांची कोणती माहिती, हे सांगितले आहे का? आणि नागरिकाने काय करावे, याची एक तरी ओळ आहे का? तिन्ही नसतील तर तुमची माहिती बाहेर गेली आहे असे धरून चाला. घाबरून नाही, हिशेबाने. त्यातून एक पक्का नियम निघतो: फोनवरच्या माणसाला तुमचे नाव, जन्मतारीख, आधारचे शेवटचे चार आकडे ठाऊक आहेत एवढ्यावरून तो अधिकारी ठरत नाही. ही माहिती आता गुपित राहिलेली नाही. जाता जाता सांगतो, ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड तुमच्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष असा सगळ्यांना माहीत असलेल्या साच्याचा असतो. तो पासवर्ड आहे म्हणून फाइल कुणालाही पाठवायला हरकत नाही, असे समजू नका.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. माहिती फुटली तर ती सांभाळणाऱ्याने बाधित व्यक्तीलाही कळवायचे, हे त्यात आहे. नियम प्रसिद्ध झाल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे 2027 च्या मे महिन्याच्या सुमारास, हे बंधन लागू होईल. सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूदही याच कायद्यात आहे, तेव्हा फार आशेवर राहू नका.

पैसे गेलेच तर

आधी 1930 वर फोन. ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तक्रार लवकर गेली तर पैसे मधल्या खात्यातच अडवता येतात. लगेच बँकेला कळवा, शक्यतो अशा मार्गाने की तक्रारीचा क्रमांक आणि वेळ तुमच्या हाती राहील. मग गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार.

घाई का, ते रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकाचे काही जात नाही. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, यंत्रणेत तिसरीकडे आहे, अशा वेळी बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर तुमच्यावर जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर ठरावीक मर्यादेपर्यंत. साध्या बचत खात्याला ती 10,000 रुपये होती. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. ओटीपी किंवा पिन तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. आणि ग्राहकाचीच चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. शाखेत “तुम्हीच काहीतरी केलं असेल” असे ऐकवले गेले तर वाद घालत बसू नका. हेच लेखी द्या म्हणा. मर्यादा आणि मुदती अधूनमधून बदलतात, म्हणून तुमच्या बँकेचे चालू धोरण आत्ताच, पैसे शाबूत असताना, वाचून ठेवा.

भीतीचा खर्च

धोक्याच्या बातम्या वाचून कुणी म्हणेल, मला हे डिजिटल काही नकोच. हा निर्णय सुरक्षित वाटतो, स्वस्त मात्र नसतो. डिजिलॉकर नको म्हणणारा माणूस त्याच आठवड्यात तीन दुकानांत आधारची पूर्ण झेरॉक्स देऊन येतो, तिच्यावर तारीख नाही, ‘फक्त अमुक कामासाठी’ असे आडवे लिहिलेले नाही. हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून काढता येतो ही सोय 2021 पासून आहे. झिजलेल्या बोटांच्या निवृत्तिवेतनधारकाला अ‍ॅपची भीती घालून बँकेच्या रांगेत उभे केले, तर त्याची काळजी घेतली असे कसे म्हणायचे? डिजिटल सही असलेला सातबारा 15 रुपयांत मिळतो आणि त्यावरच्या पडताळणी क्रमांकाने तो खरा की खोटा हे समोरचा लगेच तपासू शकतो. हातोहात फिरणाऱ्या कागदाची अशी परीक्षा होत नाही. सेवा वापरा. मास्क्ड आधार द्या, जिथे चालते तिथे आधार क्रमांकाऐवजी सोळा आकडी आभासी क्रमांक द्या. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर आपल्या नावाने किती सिमकार्डे आहेत ते पाहा. अनोळखी निघाले तर तिथेच कळवता येते.

शेवटी एक काम, जे फार कमी लोक करतात. ज्या सरकारी संकेतस्थळावर तुम्ही कागदपत्रे चढवता, त्याची सुरक्षा तपासणी शेवटची कधी झाली आणि पुढची कधी आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. सर्ट-इनकडे अर्ज करून उपयोग नाही. नोव्हेंबर 2023 पासून ती संस्था या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. अर्ज त्या सेवेच्या खात्याकडे करा. तपासणीचा अहवाल सुरक्षेचे कारण देऊन नाकारतील, तो मागूच नका. फक्त तारखा मागा. महाराष्ट्रात राज्याच्या खात्यासाठी अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क 10 रुपये. तालुक्यातून असे पाच-पंचवीस अर्ज गेले, तर ज्या खात्याकडे सांगायला तारीख नाही त्याला ती तपासणी करून घ्यावीच लागेल.